चारचं दार नसलेलं दालन

३ मार्च

दादा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र फाडणार, हे मला माहीत आहे. फाड, पण आधी वाच. फोन तू उचलत नाहीस. वहिनीकडे निरोप द्यावा तर ती बिचारी दोघांच्या मध्ये चेपली जाते. म्हणून रजिस्टर पोस्टाने पाठवते आहे. सही करून घ्यावं लागतं, म्हणजे पत्र आलंच नाही असं तरी तुला म्हणता येणार नाही.

बातमी अशी आहे, की आपल्या गावच्या अस्थिगृहात एका दारामागे भलत्याच माणसाचा कलश निघाला.

आपलं दार नव्हे. नऊ नंबरचं. लिन घराण्यातली मुलं ताइचुंगला स्थायिक झाली आहेत, आजोबांना तिकडे न्यायचं म्हणून मुहूर्त काढून आली होती. दगडी दार उघडलं, कलश बाहेर घेतला, तर त्यावर नाव कुणा दुसऱ्याच बाईचं. लिनांच्या थोरल्या सुनेने तिथेच फरशीवर बसकण मारली. तीन वर्षं ही माणसं त्या बाईला ‘आजोबा, आजोबा’ करत उदबत्त्या लावत होती.

हे घडलं कसं, ते तुला कळेल. नगरपालिकेने टेकडीवरच्या कबरी उठवल्या त्या वर्षी साथ होती, घरच्या माणसांना कुणालाच आत येऊ दिलं नव्हतं. हुआंग उस्तादांनी अस्थी वेचल्या, कलशात भरल्या, कलशांवर नावं घातली आणि दारांमागे ठेवून दिले. मग घरोघर नगरपालिकेचं पत्र आलं. आपल्याला आलं की तुमच्या आईचा नंबर अठरा. आपण अठराच्या दारावर आईचा फोटो बसवला. सगळ्यांनी तसंच केलं. आत खरंच कोण आहे हे कुणी पाहिलं नाही, आणि पाहायची पद्धतही नाही. बंद केलेलं दार उगाच उघडून कुणी आपल्या माणसाची झोपमोड करत नाही.

ते नंबर ज्या एक्सेल शीटवरून गेले, ती आमच्या नगरपालिकेतल्याच लू साहेबांनी केली होती. ते आता मासेमारी विभागात आहेत. शीट माझ्या गळ्यात पडली आहे, कारण दुसऱ्याची बेरीज पुन्हा करून बघायची माझी खोड ऑफिसात सगळ्यांना ठाऊक आहे. एरवी त्यावरून माझी टिंगल करतात. आता नगरप्रमुखांनी स्वतः बोलावून चहा पाजला आणि म्हणाले, चिंगमिंगच्या आत निकाल लावा, लोक पितरांच्या कबरी झाडायला येतील तेव्हा बोंबाबोंब व्हायला नको.

हे सगळं तुला का सांगते आहे, ते तू ओळखलंच असशील. शेवटचा आलास त्या चिंगमिंगला तू अठराच्या दारापुढे कौल लावलास. ‘आई, नव्या जागी बरी आहेस ना?’ कौलाचे दोन्ही लाकडी तुकडे पालथे, म्हणजे नाही. पुन्हा विचारलंस, पुन्हा पालथे. एक उताणा, एक पालथा पडला की झालं, होकार मिळाला, घरी जाऊन जेवायचं. पण नाही. किती वेळा टाकलेस ते मी मोजायचं सोडून दिलं. शेवटी तुकडे माझ्या हातात कोंबून तू सगळ्या नातेवाइकांसमोर म्हणालास, ‘कबर उठवायच्या कागदावर सही तू केलीस. आईला कपाटात कोंडलंस ते तूच निस्तर.’ त्यानंतर तू आला नाहीस.

अठराच्या मागे आई नाही, असं मी म्हणत नाही. मला माहीत नाही, एवढंच म्हणते. आणि तुलाही माहीत नव्हतं.

माझी काळजी करू नकोस. मी शांत आहे, जेवणखाण नीट चाललं आहे.

बी-युन


१२ मार्च

दादा,

उत्तर नाही, पण पोचपावती आली. सही तुझी आहे, वहिनीची नाही. सध्या एवढंही पुष्कळ.

मागच्या पत्रात जेवणखाण नीट चाललं आहे असं लिहिलं, ते खोटं होतं. घास उतरत नव्हता. आई जर अठराच्या मागे असेल तर ती खरोखरच नाराज आहे आणि सही माझी आहे. नसेल, तर ती कुठे आहे हे कुणालाच माहीत नाही. या दोन्हींमधलं काय बरं, ते मला ठरवता येईना. दालनाचे रखवालदार काओ काका दुपारी डबा पुढे सरकवायचे आणि म्हणायचे, ‘खा गं बाई, मेलेल्यांची काळजी करायला आधी जिवंत राहावं लागतं.’

नगरप्रमुखांचा उपाय सोपा होता. नऊ नंबरच्या आत निघाली त्या बाईचा शीटवर नंबर आठ आहे. ‘म्हणजे सगळे एकेक घर सरकलेत. सगळ्यांचे नंबर एकाने पुढे ढकला आणि मोकळ्या व्हा. एक्सेलला काय, एका मिनिटाचं काम.’ मी म्हटलं, साहेब, एका मिनिटाच्या कामानेच ही वेळ आली असणार. एक दार चुकलं म्हणजे बाकीची पस्तीसही तशीच चुकली आहेत, हे कुणी पाहिलं आहे? त्यांना राग आला, पण मुदत मिळाली.

पहिलं काम केलं ते म्हणजे मूळ शीटला कुलूप. तिच्या प्रतीवर हात चालवायचा, मूळ शीट आहे तशी राहू द्यायची, नाहीतर चूक शोधता शोधता चुकीचा मागच पुसला जातो. मग शीट उभी-आडवी तपासली. कुठलाही नंबर दोनदा नाही. कुठलंही नाव गाळलेलं नाही. छत्तीस माणसं, छत्तीस दारं. सगळं इतकं व्यवस्थित होतं की मला धडकीच भरली. दोन दिवस त्या पडद्याकडे बघून डोळे चुरचुरले, हाती काही लागलं नाही.

तेव्हा लक्षात आलं, की मी शीट शीटशीच ताडून बघते आहे. तिच्याबाहेरचं काहीतरी हवं. आणि ते तर माझ्या पायांतच होतं. टेकडी. लहानपणापासून दरवर्षी आपण ती पायवाट चढलो आहोत, कुणाची कबर कुणाच्या शेजारी हे आपल्याला झोपेतही सांगता येईल. उस्तादांनी कबरी पायथ्यापासून क्रमाने उठवल्या होत्या आणि शीटही त्याच क्रमाने लिहिली होती. मग मी काओ काकांना नावं मोठ्याने वाचायला लावली, आणि डोळे मिटून टेकडी चढायला लागले.

तीन नावं झाली आणि मी म्हटलं, ‘थांबा काका. यांग बाई राहिल्या.’

‘लिहिलंय तेच वाचतोय मी.’

‘चौथी कबर यांग बाईंची. तिच्या कठड्यावर बसून आम्ही चपलांतली माती झाडायचो, आणि आई ओरडायची.’

काकांनी चष्मा वर केला, शीट खाली खाली नेली. ‘या इथे आहेत की तुझ्या यांग बाई. पार तळाशी.’

तळाशी चार नावं होती, आणि चारही टेकडीवर भलत्याच जागची. स्यू मास्तर, जे आईच्या जरासे खाली होते, तेही तिथेच. मी लगेच लू साहेबांना फोन लावला. आधी त्यांना काही आठवेना, मग सगळं आठवलं.

‘चार’ म्हटलं की ‘मरण’ ऐकू येतं, म्हणून आपल्या दालनात चारचं दार नाही. चौदाचं नाही, चोवीसचं नाही, चौतीसचं नाही, आणि एकोणचाळीसनंतर एकदम पन्नास येतं. जिथे हॉस्पिटलात चौथा मजला ठेवत नाहीत तिथे अस्थिगृहात चारचं दार कोण ठेवील. लू साहेबांनी पहिल्या तीन नावांपुढे एक, दोन, तीन लिहिलं, सेलचा कोपरा माउसने पकडला आणि सरळ खाली ओढला. एक्सेल मोजत सुटलं. त्याला अशुभ काय ठाऊक? चार, पाच, सहा, छत्तीसपर्यंत. मग साहेबांच्या लक्षात आलं की यातल्या काही नंबरांची दारंच नाहीत. तेव्हा ज्यांच्या वाट्याला ते चार अशुभ नंबर आले होते त्यांच्या ओळी त्यांनी कापल्या, तळाशी नेऊन चिकटवल्या आणि शेवटची चार दारं त्यांना देऊन टाकली.

‘अहो, कुणाच्या आईच्या नावापुढे चौदा लिहू मी?’ फोनवर ते कळवळून म्हणाले. ‘दुरुस्त होईपर्यंत दोन दिवसच राहिला असता, पण शीटवरही नको वाटलं. चांगुलपणानेच केलं हो.’

मला त्यांचा राग येईना. उस्ताद मात्र कलश टेकडीवरून आले त्याच क्रमाने ठेवत गेले होते. चौथा कलश चौथ्या दारात. आणि चौथ्या दारावर नंबर आहे पाच. तिथून शीट आणि दारं एका घराने चुकली. चौदाचं दार गाळलं तिथून दोन घरांनी. पुढे तीन, मग चार. नगरप्रमुखांचं ऐकून सगळ्यांना एकेक घर ढकललं असतं, तर चुकीवर आणखी एक चूक चढली असती.

आई टेकडीवर अठरावी. माझ्या हिशेबाने ती वीस नंबरच्या दारामागे आहे. तू कौल लावलास ते दार तिचं नव्हतंच.

हे हिशेबाने म्हणते आहे. माझा हिशेब चुकूच शकत नाही असं समजण्याइतकी मी अजून बिघडलेली नाही. एकवीस तारखेचा मुहूर्त चांगला आहे, तेव्हा तीन दारं उघडायची. तीन नंबरचं, जिथे माझ्या मते चूक नाही. पाचचं, जिथे यांग बाई असल्या पाहिजेत. आणि वीसचं. आत कोण निघेल ते मी आधीच कागदावर लिहून, पाकीट चिकटवून काओ काकांकडे दिलं आहे. नाहीतर दार उघडल्यावर ‘मला हेच वाटत होतं’ म्हणायला सगळेच मोकळे असतात, मीसुद्धा.

वीसच्या दारावर फान काकांचा फोटो आहे. मासेमारीच्या बोटीवरचे ते दांडगे तांडेल, तुला आठवत असतील. त्यांच्या मुलाची परवानगी काढली. तो म्हणाला, उघडा ताई, मलाही आता झोप नाही.

बी-युन


२२ मार्च

दादा,

आई सापडली.

आता सावकाश लिहिते. काल सकाळी आम्ही मोजकीच माणसं होतो. उस्तादांनी डोक्यावर छप्पर असूनही काळी छत्री उघडून धरली, अस्थींवर उघडं आभाळ नको म्हणून, आणि ती बंद करा म्हणायची कुणाची हिंमत झाली नाही. तीनचं दार उघडलं. बरोबर. पाचचं उघडलं. यांग बाई. काओ काकांनी पाकीट फाडून माझा कागद वाचला आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच भुताटकी केली आहे.

मग वीस. मी मागे भिंतीशी उभी राहिले. उस्तादांनी कलश दोन्ही हातांनी बाहेर घेतला, बाहीने पुसला आणि नाव मोठ्याने वाचलं. ‘लिआओ चुन-ताओ.’ मी म्हटलं, पुन्हा वाचा. त्यांनी पुन्हा वाचलं. मग मी जवळ जाऊन आईचं नाव स्वतः वाचलं. मी खाली बसले आणि रडले. रडता रडता मला हसू यायला लागलं आणि ते काही केल्या थांबेना.

का, ते ऐक. अठराच्या मागे कोण होतं, ठाऊक आहे? ग्वो आजी. टेकडीवर आईच्या जरा खालची. जन्मभर शाकाहारी, अंडंसुद्धा नाही, कांदा-लसणाचा वासही खपायचा नाही. आपल्या घरातून मांस शिजल्याचा वास आला की खिडकी लावून घ्यायची, तीच. दादा, आपण त्या माउलीपुढे सोयात शिजवलेला डुकराचा पाय ठेवला, आईला आवडतो म्हणून मोठ्ठा, चरबीसकट, आणि हात जोडून विचारत राहिलो, बरी आहेस ना. ती बिचारी दुसरं काय सांगणार होती?

मी तिच्या सुनेकडे माफी मागायला गेले. ती इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. म्हणाली, ‘आणि आमच्या सासूबाई समजून आम्ही तीन वर्षं ज्यांना उकडलेला टोफू खायला घातला, त्या स्यू मास्तरांना मटणाशिवाय जेवण जात नसे.’

आणि आई? ती फान काकांचा पाहुणचार घेत होती. त्यांचा मुलगा दर चिंगमिंगला दारापुढे ज्वारीची दारू ओतायचा आणि सिगारेट पेटवून ठेवायचा, विझली की दुसरी. बाबा झोपल्यावर मागच्या दाराशी बसून आई काय करायची, ते तुला आणि मलाच माहीत आहे. तीन वर्षं तिला कुणाचा डोळा चुकवावा लागला नाही. दादा, ती मजेत होती.

मी किती हलकी झाले आहे, ते तुला पत्रातून कळणार नाही. काल जेवले, मग पुन्हा जेवले. ऑफिसात बेरीज पुन्हा करताना आज कुणी हसलं तर मीही हसते.

मुहूर्त कालचाच होता, म्हणून सगळ्यांना बोलावून संध्याकाळपर्यंत छत्तीसही दारं उघडली. कलश कुणाचाच हलवला नाही. माणसं जिथे आहेत तिथे सुखात आहेत, हलवायच्या त्या पाट्या. ओळीने सगळे आपापल्या माणसाचा फोटो काढून दोन घरं, तीन घरं पुढे नेऊन बसवत होते आणि एकमेकांना सांगत होते, तुमचे वडील आमच्याकडे होते बरं का, काही कमी पडू दिलं नाही. नगरप्रमुखांना वाटलेली बोंबाबोंब झालीच नाही, उलट चहा झाला.

नवी शीट मी केली. तिच्यात दाराचा नंबर हाताने लिहिता येत नाही, असलेल्या दारांच्या यादीतूनच निवडावा लागतो, म्हणजे नसलेलं दार कुणाच्या नशिबी येणार नाही. नाव आणि नंबर एकाच ओळीत असे बांधले आहेत की एकाला हलवलं तर दुसरा मागे राहत नाही. एका रकान्यात शीटवरचं नाव. शेजारच्यात कलशावरचं नाव, जे मी न बघता काओ काकांनी वाचलं. दोन्ही जुळली तर तिसऱ्या रकान्यात ‘बरोबर’ उमटतं. काल रात्री वरपासून खालपर्यंत बघत गेले. एकही ओळ गप्प नव्हती.

यंदा चिंगमिंग नेमकी चार तारखेला आली आहे, म्हणजे तुला न यायला आणखी एक निमित्त. तरी ये. वीसच्या दारापुढे मी उदबत्ती लावली, पण कौल लावला नाही. विचारायचं तू सुरू केलंस, पुढचंही तूच विचार.

तुझी बी-युन


७ एप्रिल

दादा,

तू आला होतास, हे मला काओ काकांकडून कळावं?

चिंगमिंगला मी पहाटेपासून घरी पातळ पोळ्या लाटत होते, भाज्या चिरल्या, शेंगदाण्याचा कूट केला, दोन माणसांचं जास्तीचं. म्हटलं वहिनीही येईल. दालनात पोहोचले तर काका म्हणाले, तुझा भाऊ दार उघडताच आला होता, पहिल्या बसने परत गेला. मी तशीच स्टँडवर धावले. बस केव्हाच गेली होती.

काका सांगणार नव्हते, पण मी खोदून विचारलं. म्हणाले, त्याने कौल लावला. दोन्ही पालथे. परत लावला, परत पालथे. तिसऱ्यांदाही तेच. मग तोंड झाकून बसून राहिला.

तेव्हापासून मी काय करते आहे, सांगू? मी शीट उघडून बसते. कलशावरचं नाव तिघांनी वाचलं होतं, तरी काल पुन्हा उस्तादांना विचारून आले. शीट बरोबर आहे. दार बरोबर आहे. आत आई आहे. मी जे जे तपासू शकते ते सगळं तपासलं, आणि तरी ती नाही म्हणाली असेल तर माझ्याकडे आता दुसरा रकाना नाही. टेकडीवर बाग व्हायचीच होती, सही केली नसती तर बुलडोझर विचारायला थांबला नसता, हे मी तुला तेव्हा सांगू शकले नाही. आज सांगते. तिला काय सांगू?

माझ्याशी बोलू नकोस हवं तर. काय विचारलंस आणि ती काय म्हणाली, एवढं लिही.

बी-युन


१३ एप्रिल, कीलुंग

बी-युन,

मला पत्रं लिहिता येत नाहीत, तुला माहीत आहे. तुझी वहिनी शेजारी बसली आहे, उठू देत नाही.

तुला भेटायला थांबलो नाही, कारण तोंड धड दिसत नव्हतं. बसमध्ये सगळे बघत होते. एका म्हातारीने मला संत्रं सोलून दिलं.

तुझी सगळी पत्रं वाचली, दोनदोनदा. ग्वो आजीचं वाचून वहिनीला हसू आवरेना. मी आधी हसलो नाही. मला तीन वर्षांपूर्वीचं ते आठवत होतं. तुला सगळ्यांसमोर नको ते बोललो. खरं म्हणजे आई नाही म्हणाली ती मलाच म्हणाली, असं वाटलं होतं. ती गेली तेव्हा मी इथे होतो, कबर उठवली तेव्हा इथे होतो, आणि वर्षातून एकदा येऊन विचारतो काय, तर बरी आहेस ना. ते सहन होईना, म्हणून तुझ्यावर ढकललं.

या वेळी तो प्रश्न विचारलाच नाही. ती बरी आहे हे तू लिहिलं होतंस, आणि तुझं लिहिलेलं पुन्हा तपासायची मला गरज वाटली नाही. तू सही केलीस ते ठीक केलंस.

पुढच्या महिन्यात आम्ही दोघं चार दिवस येतो. चार म्हटलं म्हणून तोंड वाकडं करू नकोस, रजा तेवढीच आहे. आईसाठी सिगारेट मी आणतो. फान काकांच्या मुलाला म्हणावं, आता आमची आम्ही बघू.

मी विचारलं ते असं होतं, आई, तू माझ्यावर रागावली आहेस का? दोन्ही तुकडे पालथे पडले. माझा विश्वास बसेना. पुन्हा विचारलं. मग आणखी एकदा. तिन्ही वेळा नाही म्हणाली ती.

दादा